पत्र पुढे जात राहावे म्हणून: डेबियनमधील ईमेल फॉरवर्डिंगचा आढावा

डेबियन या लिनक्स वितरणासाठी काम करणाऱ्या प्रत्येक अधिकृत डेव्हलपरला प्रकल्पाच्या डोमेनवरचा एक ईमेल पत्ता मिळतो. त्या पत्त्यामागे टपालपेटी नसते. तिथे आलेले प्रत्येक पत्र त्या व्यक्तीने नोंदवून ठेवलेल्या दुसऱ्या पत्त्याकडे पाठवले जाते. बगच्या नोंदी, नवे पॅकेज स्वीकारल्याचा निरोप, प्रकल्पाच्या निवडणुकीची मतपत्रिका असे बरेच काही याच वाटेने जाते. डेबियनची बग नोंदवण्याची व्यवस्थाही मुळात ईमेलवर चालते. म्हणजे हा प्रकल्प फॉरवर्डिंगचे सॉफ्टवेअर जगाला देतो आणि स्वतःही त्याच्याच आधाराने उभा आहे.

असे सॉफ्टवेअर पॅकेज करणे आणि वर्षानुवर्षे सांभाळणे हा विषय बाहेरून किरकोळ वाटतो. मूळ लेखकांचा कोड घ्यायचा, बांधायचा, भांडारात ठेवायचा, झाले. प्रत्यक्षात पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरला तीन वेळापत्रके एकाच वेळी पाळावी लागतात. मूळ प्रकल्प त्याच्या सोयीने नव्या आवृत्त्या काढतो. वितरण साधारण दोन वर्षांनी स्थिर आवृत्ती काढते आणि मग ती जवळजवळ गोठवते. तिसरे वेळापत्रक बाहेरच्या टपालजगाचे. तिथले मोठे सेवादाते नियम बदलताना डेबियनला विचारत नाहीत. ही तीन वेळापत्रके कुठे जुळतात आणि कुठे एकमेकांवर आदळतात, हे या आढाव्यात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: मेलच्या बाबतीत स्थैर्य आवृत्तीच्या आकड्यावरून ठरवू नये. पत्र पोहोचते का, यावरून ठरवावे.

चार जुने आधार

आजची सगळी फॉरवर्डिंगची चौकट १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपी या मेल-वाहतुकीच्या नियमावलीवर, म्हणजे आरएफसी ८२१ या इंटरनेट-दस्तऐवजावर, उभी राहिली. त्याच काळात बर्कलीत एरिक ऑलमन यांचे सेंडमेल आकाराला आले. लोकांच्या नावांची यादी आणि प्रत्येक नावासमोर पुढचा पत्ता अशी एलियास फाइल, तसेच प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीतली फॉरवर्ड फाइल, या सवयी युनिक्सजगाला तिथूनच लागल्या. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने सेंडमेलमधल्या डीबग सोयीचा गैरफायदा घेतला. मेल पुढे पाठवणारा प्रोग्राम सतत अनोळखी माणसांशी बोलत असतो आणि तोही मोठे अधिकार हाती घेऊन, याची जाणीव तेव्हा सगळ्यांना झाली.

पुढचे तीन मोठे प्रकल्प ही जाणीव ठेवूनच झाले. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये एक्झिम सुरू केले. डॅनियल बर्नस्टाइन यांचे क्यूमेल १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलेले पोस्टफिक्स १९९८च्या अखेरीस खुले झाले. क्यूमेल आणि पोस्टफिक्स यांनी काम अनेक छोट्या प्रोग्रामांत वाटले, म्हणजे एक भाग फुटला तरी संपूर्ण यंत्र परक्याच्या हाती जात नाही. एक्झिमने एकच मोठा प्रोग्राम ठेवला आणि त्या बदल्यात पत्राची वाट ठरवण्याची विलक्षण लवचिक भाषा दिली. डेबियनने आपली मूळ निवड म्हणून एक्झिम घेतले.

क्यूमेलची कथा पॅकेजिंगच्या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. त्याच्या सुरक्षेचे कौतुक सगळीकडे होते. पण बदल केलेल्या बायनरी वाटण्याची मुभा त्याच्या अटींत नव्हती. वितरणाचा मेंटेनर तर फाइलींच्या जागा बदलतो, पॅच लावतो, बांधून देतो. म्हणून डेबियनमध्ये अनेक वर्षे क्यूमेलचा फक्त मूळ कोड देणारे पॅकेज होते आणि ते ज्याचे त्याने आपल्या यंत्रावर बांधायचे. २००७च्या नोव्हेंबरमध्ये बर्नस्टाइन यांनी कोड सार्वजनिक मालकीत दिला. तोवर क्यूमेलच्या भोवती पॅचांचे जंगल वाढले होते आणि वापरणारे पोस्टफिक्सकडे वळले होते. कोड कितीही चांगला असला तरी तो दुरुस्त करून वाटण्याचा हक्क नसेल, तर तो सांभाळणाऱ्यांची साखळीच तयार होत नाही.

पॅकेजमध्ये नेमके काय असते

डेबियनच्या धोरणपुस्तिकेत मेलसाठी स्वतंत्र कलम आहे. मेल पाठवणारा कोणताही प्रोग्राम सेंडमेल हे नाव आणि त्याचे जुने वर्तन ठरलेल्या जागी उपलब्ध करून देईल. एलियास फाइल एकाच ठिकाणी असेल. यंत्राचे मेलमधले नाव एका सामाईक फाइलमध्ये लिहिलेले असेल. त्यामुळे क्रॉनसारख्या प्रोग्रामला आपला अहवाल कोण पोहोचवणार आहे, हे ठाऊक असण्याची गरज उरत नाही. एक्झिम असो, पोस्टफिक्स असो, की दुसरे काही, सगळी पॅकेजे एक समान आभासी नाव पुरवतात आणि एकमेकांना वगळतात. एका यंत्रावर एका वेळी एकच.

या नियमामुळे बरीच सोय झाली, पण एक अवघड जागाही तयार झाली. पोस्टफिक्स बसवताच एक्झिम निघते. एलियास फाइल दोघांनाही समजते, परंतु एक्झिमच्या गाळणीभाषेत लिहिलेली फॉरवर्ड फाइल पोस्टफिक्सला कळत नाही. रांगेत अडकलेली पत्रेही एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे आपोआप जात नाहीत. मेंटेनर इथे सगळी जादू करू शकत नाही. तो सूचना नीट लिहू शकतो आणि प्रशासकाच्या फाइलींवर हात टाकणे टाळू शकतो. प्रशासकाने बदललेली कॉन्फिगरेशन फाइल अपग्रेडमध्ये पुसली जाता कामा नये, हा डेबियनचा कडक नियम आहे. मेलच्या पॅकेजात तो नियम शब्दशः पाळावा लागतो, कारण एक ओळ गेली तर कुणाचा तरी पत्ता बंद होतो आणि हे त्या व्यक्तीला अनेक दिवस कळतही नाही.

एक्झिमच्या पॅकेजमध्ये डेबियनने मूळ प्रकल्पापेक्षा वेगळी वाट काढली आहे. बसवताना डेबकॉन्फ काही प्रश्न विचारते: हे यंत्र थेट इंटरनेटवर पत्रे पाठवणार, की दुसऱ्या सर्व्हरमार्फत, की फक्त यंत्रापुरते? प्रशासकाची पत्रे कोणाकडे जावीत? या उत्तरांवरून पूर्ण कॉन्फिगरेशन तयार होते. हवे असल्यास ते अनेक छोट्या फाइलींत विभागता येते. नवख्याला यामुळे पाच मिनिटांत चालणारी व्यवस्था मिळते. मात्र एक्झिमच्या मूळ मार्गदर्शिकेतली उदाहरणे इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत आणि मूळ प्रकल्पाच्या जाणकारांना डेबियनची रचना अपरिचित असते. पोस्टफिक्सबाबतही डेबियनने वर्षानुवर्षे बहुतेक उपप्रक्रिया बंदिस्त डिरेक्टरीत चालवल्या. मूळ प्रकल्पाचा तसा आग्रह नव्हता. त्या कोंडणीमुळे नावे शोधण्याच्या फाइली आत नक्कल करून ठेवाव्या लागत. वितरणाने केलेल्या प्रत्येक वेगळेपणाची जबाबदारी पुढे वितरणाच्याच अंगावर येते, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

याशिवाय अवलंबित लायब्ररी असतात. डेबियनचे एक्झिम कूटबद्धतेसाठी ओपनएसएसएल सोडून ग्नूटीएलएसशी जोडलेले आहे आणि याचे मूळ परवान्यांच्या जुन्या विसंगतीत आहे. पीसीआरई ही मजकूर जुळवण्याची लायब्ररी हेझल यांनी एक्झिमसाठीच लिहिली होती. तिची जुनी मालिका २०२१ मध्ये थांबली आणि एक्झिमलाही ४.९६ या आवृत्तीत पीसीआरई२ वर जावे लागले. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही. दिसू नये, यासाठीच मेंटेनर राबत असतो.

पाठवणाऱ्याचे नाव कोणाचे

फॉरवर्डिंगच्या पोटातला खरा पेच वेगळाच आहे. घर बदललेल्या माणसाचे पत्र पोस्टमन नव्या पत्त्यावर नेतो तेव्हा लिफाफ्यामागचे पाठवणाऱ्याचे नाव तसेच राहते आणि कोणाला खटकत नाही. ईमेलमध्ये पूर्वी असेच चाले. स्पॅम आणि तोतयेगिरी वाढल्यावर एसपीएफ आले. आमच्या नावाने फक्त अमुक सर्व्हर पत्रे पाठवतील, असे डोमेनधारक डीएनएसमध्ये जाहीर करतो. त्याचा आरएफसी २००६ मध्ये निघाला आणि सुधारित मसुदा २०१४ मध्ये. आता मधला फॉरवर्ड करणारा सर्व्हर त्या यादीत नसतो. त्याने लिफाफ्यावरचे मूळ नाव तसेच ठेवले, तर पुढचा सर्व्हर त्याला तोतया समजतो.

यावर एसआरएस हा उपाय निघाला. फॉरवर्ड करणारा सर्व्हर लिफाफ्यावरचे नाव बदलून आपल्या डोमेनचे नाव लावतो. मूळ पत्ता, एक तारीखखूण आणि गुप्त किल्लीवरून काढलेली सही तो त्या नव्या नावातच गुंफतो. पत्र परत आलेच, तर सही तपासून ते मूळ माणसाकडे वळवता येते. पोस्टफिक्समध्ये ही सोय अंगची नाही. ती पोस्टएसआरएसडी हा छोटा प्रोग्राम पुरवतो आणि डेबियनमध्ये त्याचे पॅकेज अनेक वर्षे आहे. त्याच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत पोस्टफिक्सशी बोलण्याची पद्धत बदलली, स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल आली आणि जुनी रीत सोडून दिली गेली. मूळ लेखकाच्या दृष्टीने तो योग्यच निर्णय होता. स्थिर वितरणात मात्र असा बदल दोन ठिकाणी एकाच वेळी व्हावा लागतो: पोस्टएसआरएसडीमध्ये आणि प्रशासकाने हाताने लिहिलेल्या पोस्टफिक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये. पॅकेजला दुसऱ्या फाइलला हात लावण्याचा हक्क नाही. उरतो तो स्पष्ट शब्दांत दिलेला इशारा. गुप्त किल्ली मात्र अपग्रेडमध्ये शाबूत राहिलीच पाहिजे, नाहीतर वाटेत असलेली परतीची पत्रे अनाथ होतात.

एसपीएफ लिफाफा पाहते. डीकेआयएम पत्राच्या मजकुरावर सही करते. २०१५ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झालेले डीमार्क या दोन्हींना पत्रात दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जोडते. त्याआधीच, एप्रिल २०१४ मध्ये, याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे सर्वांत कडक धोरण लावले आणि एओएल पाठोपाठ आले. ज्या मेलिंग लिस्ट विषयाला खूण जोडत किंवा तळाला ओळ घालत, त्यांच्यामार्फत गेलेली पत्रे नाकारली जाऊ लागली. यातून फॉरवर्डिंगच्या पॅकेजांसाठी एक साधा धडा निघतो. पत्र जसे आले तसे पुढे द्या, मजकुराला आणि सही केलेल्या शीर्षओळींना हात लावू नका. २०१९ मध्ये एआरसी हा प्रायोगिक आरएफसी आला. त्यात प्रत्येक मधला सर्व्हर आपण काय तपासले त्याची सहीनिशी नोंद ठेवतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेलकडे दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क बंधनकारक केले आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी एआरसी वापरावे असेही सांगितले.

इथेच तीन वेळापत्रके आदळतात. ओपनडीकेआयएम या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामची २.१०.३ ही स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यानंतर मूळ प्रकल्पाची गती इतकी मंदावली, की डेबियन पुढच्या मालिकेतली बीटा आवृत्ती आपले पॅच लावून चालवत राहिले. बाहेरचे जग सह्या सक्तीच्या करत असताना, सही करणारे साधन वितरणांच्या मेंटेनरांनी जिवंत ठेवले. डेबियनलाही स्वतःच्या पत्त्यांसाठी हे नियम पाळावे लागले. त्यासाठी डेव्हलपरांना आपली डीकेआयएम चावी नोंदवण्याची आणि प्रकल्पाच्या सर्व्हरमार्फत पत्रे पाठवण्याची सोय करण्यात आली.

देवनागरी पत्रे, देवनागरी पत्ते

मराठी वाचकाशी या विषयाचा थेट संबंध आहे. देवनागरी मजकूर यूटीएफ-८ मध्ये आठ बिटांचा असतो. पुढचा सर्व्हर आठ बिटांची पत्रे स्वीकारतो असे सांगत नसेल, तर पोस्टफिक्स मजकूर सात बिटांत रूपांतरित करते आणि मग आधी केलेली डीकेआयएम सही जुळत नाही. आजचे बहुतेक सर्व्हर आठ बिट स्वीकारतात. तरी साखळीतला एक जुना दुवा मराठी पत्राला इंग्रजी पत्रापेक्षा जास्त अडवू शकतो.

पत्त्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. .भारत हे डोमेन २०१४ मध्ये खुले झाले. पत्त्याच्या दोन्ही भागांत देवनागरी चालावी यासाठीचा एसएमटीपीयूटीएफ८ हा विस्तार २०१२ मध्ये ठरला आणि पोस्टफिक्सने तो ३.० या आवृत्तीपासून, २०१५ मध्ये, दिला. डेबियनचे पोस्टफिक्स त्यासाठी लागणाऱ्या आयसीयू लायब्ररीसह बांधलेले असते. पण फॉरवर्डिंगच्या पुढच्या सर्व्हरला हा विस्तार येत नसेल, तर पत्र परत पाठवण्यावाचून इलाज नाही. शिवाय पत्त्याच्या पहिल्या भागाला ६४ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. एसआरएस संपूर्ण जुना पत्ता त्याच भागात कोंबते. पोस्टएसआरएसडीच्या नव्या आवृत्तीत लांब पत्ते डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय आली, ती अशा पत्त्यांसाठी मोलाची आहे.

सुरक्षा: दुरुस्तीच्या दोन रीती

जून २०१९ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी एक्झिममधली गंभीर त्रुटी जाहीर केली. पत्र ज्याला पाठवायचे त्याच्या पत्त्यातच हुकूम लिहून तो रूटच्या अधिकाराने चालवता येत होता. ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्या धोक्यात होत्या. फेब्रुवारीत आलेल्या ४.९२ मध्ये ती त्रुटी आधीच नाहीशी झाली होती. पण ती सुरक्षेची बाब आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. डेबियनच्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत, स्ट्रेचमध्ये, ४.८९ होते. नवे एक्झिम न आणता जुन्यालाच पॅच लावून ते लगेच दिले गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने जाहीर केले, की रशियन लष्करी गुप्तचरांचा सँडवर्म हा गट ऑगस्ट २०१९ पासून हीच त्रुटी वापरत होता. ज्यांनी अपग्रेड केले नाही, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

मे २०२१ मध्ये त्याच संशोधकांनी एक्झिममधल्या २१ त्रुटी एकदम मांडल्या. त्यांतल्या बहुतेक २००४ पासूनच्या कोडमध्ये होत्या. याच सुमारास एक्झिमने ४.९४ मध्ये नवा नियम आणला होता: बाहेरून आलेला मजकूर, उदाहरणार्थ पत्त्याचा पहिला भाग, तपासल्याशिवाय फाइलचे किंवा हुकुमाचे नाव म्हणून वापरता येणार नाही. हा नियम योग्यच होता, पण असंख्य लोकांच्या फॉरवर्डिंगच्या ओळी नेमक्या तशाच लिहिलेल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये बुलसआय ही स्थिर आवृत्ती आली तेव्हा डेबियनने रिलीजच्या टिपणांत हा बदल मोठा समजावा असे स्पष्ट बजावले. अपग्रेडच्या वेळी अशी टिपणे वाचणे ही प्रशासकाची पहिली जबाबदारी आहे, कारण मेंटेनरने सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेले वाक्य तिथेच असते.

दुसरी रीत पोस्टफिक्सची. डिसेंबर २०२३ मध्ये एसईसी कन्सल्ट या सुरक्षा कंपनीने पत्राचा शेवट ओळखण्यातली विसंगती उघड केली. दोन सर्व्हरांनी शेवटाची खूण वेगवेगळी वाचली, तर एका पत्राच्या पोटात दुसरे खोटे पत्र दडवता येत होते. पोस्टफिक्स, एक्झिम आणि सेंडमेल या तिघांनाही ते लागू होते. पोस्टफिक्सच्या जुन्या मालिकांमध्ये फक्त दुरुस्त्या येतात, नवे वर्तन येत नाही. या शिस्तीवर विश्वास ठेवून डेबियन त्या छोट्या आवृत्त्या स्थिर वितरणात सरळ घेते आणि बुकवर्म या स्थिर आवृत्तीत ३.७.९ त्यामुळेच आली. मात्र जुन्या मालिकांत नवे संरक्षण मुळात बंद ठेवलेले होते आणि ते प्रशासकाने चालू करायचे होते. मला ही रीत अधिक निरोगी वाटते. मूळ प्रकल्प शिस्त पाळत असेल, तर वितरणाने त्याच्यासोबत चालावे. सुटे पॅच जुन्या कोडवर बसवण्यात मेंटेनरच्या चुकांना वाव राहतो.

छोटी आणि पोरकी पॅकेजे

मोठ्या सर्व्हरांपेक्षा छोट्या प्रोग्रामांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यांच्यामागे अनेकदा एकच माणूस असतो. एसएसएमटीपी हा इवलासा प्रोग्राम यंत्रावरची पत्रे दुसऱ्या सर्व्हरकडे ढकलत असे; पण तो टीएलएस प्रमाणपत्र तपासत नव्हता. २०१९ च्या बस्टर या स्थिर आवृत्तीतून तो वगळला गेला. प्रोकमेल पत्रे गाळते आणि फॉरवर्डही करते. त्याची ३.२२ ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि पुढची दोन दशके मूळ प्रकल्प निद्रिस्त राहिला. मधल्या काळात सापडलेल्या त्रुटी डेबियनसारख्या वितरणांच्या पॅचांनी बुजवल्या. मूळ लेखकांनी पुन्हा सूत्रे हाती घेऊन २०२२ मध्ये ३.२४ काढली. दूरच्या टपालपेटीतून पत्रे आणणारे गेटमेल पायथॉन २ या भाषेवर होते. ते युग संपल्यावर गेटमेल६ हा नवा फाटा डेबियनमध्ये आला. मेलिंग लिस्ट चालवणारे मेलमन २ देखील याच कारणाने बुलसआयमध्ये उरले नाही. बाहेरची वेळापत्रके इथेही धडकली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या एक्सचेंज ऑनलाइन सेवेत फक्त पासवर्डने पत्रे उचलण्याची पद्धत बंद करायला घेतली. त्या पद्धतीवर चालणाऱ्या साधनांना नवी ओळखपद्धत शिकणे भाग पडले.

प्रत्येक यंत्राला मेल सर्व्हर हवा का

फेडोराने २०१३ मध्ये आपल्या विसाव्या आवृत्तीत मूळ बसवणीतून सेंडमेल काढले. उबुंटू डेबियनवर उभे असले तरी त्याची मूळ निवड पोस्टफिक्स आहे. डेबियनमध्ये एक्झिमसोबत नलमेलर, एमएसएमटीपी, डीएमए अशी फक्त पुढे पाठवणारी छोटी साधनेही आहेत. बहुतेक यंत्रांना जगाकडून पत्रे घ्यायची नसतात. एखादा इशारा कोणाच्या तरी टपालपेटीत जावा, एवढेच हवे असते. अशा ठिकाणी संपूर्ण सर्व्हर चालवणे म्हणजे विनाकारण दार उघडे ठेवणे आहे.

निष्कर्ष

या आढाव्यातून मला चार गोष्टी ठाम वाटतात. पहिली, मेलशी निगडित पॅकेजांना स्थिर वितरणातही बाहेरच्या नियमांबरोबर बदलण्याची मुभा असावी. पोस्टफिक्सची वाट ओपनडीकेआयएम आणि पोस्टएसआरएसडीसारख्या साधनांनाही मिळावी. दुसरी, डेबियनच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत खरे फॉरवर्डिंग तपासले जावे. सही केलेले पत्र आत यावे, बाहेर जावे, सही टिकावी, परतीचा पत्ता उलगडावा आणि त्यात एक पत्र देवनागरीत असावे. तिसरी, मूळ निवड लहान असावी आणि पूर्ण सर्व्हर मागणाऱ्यालाच मिळावा. चौथी, एकट्याने सांभाळलेली पॅकेजे गटाकडे जावीत.

या शेवटच्या कामात मराठी हातांनाही जागा आहे. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत उपलब्ध आहे आणि तो कुणीतरी बसून भाषांतरित केला आहे. डेबकॉन्फचे प्रश्न मराठीत आणणे, अपग्रेडनंतर काय मोडले ते नीट नोंदवणे, एखाद्या पोरक्या पॅकेजची एक चाचणी लिहिणे, ही सारी मेंटेनर होण्याच्या वाटेवरची पहिली पावले आहेत. कोड सगळ्यांसाठी खुला आहे. तो चालता ठेवणारी माणसे मात्र मोजकी आहेत. ती वाढली तरच पुढच्या रिलीजनंतरही पत्र ज्याचे आहे त्याला मिळत राहील.